बाईकच्या हेडलाईटला रिले वायरिंग: आधी काय मोजायचं, मग काय जोडायचं आणि लोक नेमकं कुठे चुकतात

हेडलाईट मंद वाटली की बहुतेक जण सगळ्यात आधी ९०/१०० वॉटचा बल्ब आणून लावतात. चार दिवस भारी वाटतं, मग होल्डर पिवळा पडतो, एखाद्या रात्री प्लास्टिक जळाल्याचा वास येतो आणि घाटात लाईट जाते. मग गॅरेजवाला म्हणतो रिले (थोड्या करंटच्या हुकमावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका, तो बॅटरीपासून एक वायर ओढतो, काळी टेप गुंडाळतो, फ्यूज टाकतच नाही, आणि आता लाईट नुसती जाण्याऐवजी गाडीच पेटायची सोय होते. खरं तर हे काम शांतपणे एका सुट्टीच्या दिवसात घरी होण्यासारखं आहे, फक्त क्रम पाळला पाहिजे.

इथे मी उदाहरण धरलंय ते २०२० पर्यंतच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनवाल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं, म्हणजे ६०/५५ वॉटचा एच४ बल्ब (एकाच बल्बमध्ये हाय आणि लो असे दोन फिलामेंट) आणि बॅटरीवर चालणारी डीसी लाईट. दुसरी कुठलीही एच४ वाली डीसी गाडी असेल तरी पद्धत हीच. फॅक्टरीतूनच एलईडी हेडलाईट आलेली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्यात हात घालू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, रिले टाकल्याने बल्ब जास्त वॉटचा होत नाही. मूळ वायरिंगमध्ये करंट बॅटरीतून निघतो, मेन फ्यूज, चावीचा स्विच, हेडलाईटचा स्विच, मग अप्पर-डिपरचा स्विच असं करत बारीक वायरीतून फिरत फिरत बल्बपर्यंत जातो आणि प्रत्येक जोडावर थोडे थोडे व्होल्ट खाल्ले जातात. रिलेमुळे हा मोठा करंट बॅटरीतून थेट बल्बला मिळतो आणि जुनी वायर नुसता हुकूम द्यायचं काम करते.

फरक किती पडतो ते आकड्यात बघा. एच४ बल्बचं रेटिंग १३.२ व्होल्टला धरलेलं असतं, त्या व्होल्टेजला लो बीम (डिपर) साधारण १००० ल्यूमेन (उजेडाचं माप) आणि हाय बीम (अप्पर) १६५० ल्यूमेन देतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे १३.२ च्या जागी बल्बला ११.८ च व्होल्ट मिळत असतील तर १००० चे ६८० च्या आसपास उरतात. व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले तर उजेड तीस टक्क्यांनी कमी, आणि हा गेलेला उजेड नवा बल्ब न घेता परत मिळवायचाय.

टप्पा १: हे काम तुमच्या गाडीला लागतंय का ते मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, त्याच्याशिवाय पुढे जाऊच नका.

आधी गाडी एसी लाईटची आहे की डीसी. जुन्या स्प्लेंडरसारख्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसते, मॅग्नेटच्या लाईटिंग कॉइलवर एसीने चालते, म्हणून सिग्नलला उभं राहिलं की मंद आणि रेस दिली की झगझगीत. अशा गाडीला बॅटरीवरून रिले टाकला तर बॅटरी आठवड्यात बसते, कारण तिथलं चार्जिंग तेवढ्या लोडसाठी नसतंच. त्यासाठी स्टेटरची (मॅग्नेटच्या त्या कॉइलची) अर्थ उचलून, सगळा एसी डीसीत बदलणारा फुल वेव्ह रेग्युलेटर बसवावा लागतो, तो वेगळा आणि मोठा उद्योग आहे.

ओळखायचं कसं? इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, हेडलाईट लागली तर डीसी. पण १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाईट कायम चालू असणं सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये डीसी असूनही इंजिन चालू झाल्यावरच लाईट लागते. अशा वेळी इंजिन चालू करून आयडलवर आणि रेस देऊन बघा, उजेड खूप वरखाली झाला तर एसीचा संशय. खात्रीच करायची असेल तर बल्बच्या पिनवर मीटर आधी डीसीवर आणि मग एसीवर लावून बघा.

आता व्होल्टेज ड्रॉप. हेडलाईट चालू, बल्ब जोडलेला, आणि मीटर डीसी २० व्होल्टवर.

पहिलं माप: लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब बल्बच्या होल्डरला मागून लो बीमच्या पिनवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या रस्त्यात हरवतायत.

दुसरं माप: लाल प्रोब होल्डरच्या अर्थ पिनवर, काळा बॅटरीच्या मायनसवर. हा अर्थच्या बाजूचा ड्रॉप.

दोन्हींची बेरीज करा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेवर पैसे घालवू नका, तुमची तक्रार काळवंडलेल्या रिफ्लेक्टरची, जुन्या बल्बची किंवा चुकीच्या ॲंगलची आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर काम करण्यासारखं आहे. मधला आकडा आला तर आधी कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) साफ करून, अर्थचा बोल्ट घासून परत मोजा, बरेचदा तेवढ्यावरच भागतं.

सावधान: बल्ब काढून, रिकाम्या होल्डरमध्ये प्रोब घालून मोजलं तर बॅटरीएवढेच व्होल्ट दिसणार आणि तुम्ही म्हणणार वायरिंग एकदम ओके. करंट वाहत नसेल तर ड्रॉप होतच नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की "मी मोजलं, १२.६ येतंय" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की बल्ब लावलेला होता का.

तिसरं माप चार्जिंगचं. इंजिन चालू, हेडलाईट हायवर, रेस साधारण ३००० आरपीएम, बॅटरीच्या टर्मिनलवर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा पाहिजे. १३ च्या खाली असेल तर आधी बॅटरी आणि चार्जिंग बघा. आणि १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय, तो आधी बदला, नाहीतर रिले टाकल्यावर हे सगळं जादाचं व्होल्टेज थेट बल्बवर जाईल आणि बल्बमागून बल्ब उडत राहतील.

टप्पा २: सामान

पुण्यात असाल तर नाना पेठेत गाडीचं आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचं असं सगळं एका फेरीत मिळतं, बाकी ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात.

रिले दोन, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअर, चार पिनचे, सॉकेटसकट. बॉश किंवा हेलासारख्या नावाजलेल्या कंपनीचे घ्या, पण खोक्यावर नाव छापलंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, डुप्लिकेट भरपूर आहेत. सिरॅमिकचा एच४ होल्डर एक. एच४ चा मेल प्लग एक, म्हणजे बल्बच्या मागच्या पिनांसारखा दिसणारा, जो गाडीच्या मूळ होल्डरमध्ये बसेल. बॅटरीपासून जाणाऱ्या दोन प्लस लाईनसाठी आणि रिलेपासून बल्बपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर, शक्यतो वेगवेगळ्या रंगात, अर्थसाठी काळी २.५ ची, आणि रिलेच्या कॉइलसाठी (हुकूम मिळाला की आतला स्विच ओढणारी गुंडाळी) ०.५ किंवा ०.७५ ची. ब्लेड फ्यूजचे वॉटरप्रूफ होल्डर दोन, १० अँपिअरचे फ्यूज चार (दोन लावायला, दोन डिकीत ठेवायला). बॅटरीच्या बोल्टच्या मापाच्या गोल थिंबल (वायरीच्या टोकाला लावायच्या कड्या), ६.३ एमएमच्या चपट्या पिना, हीट श्रिंक स्लीव्ह, नालीदार फ्लेक्सिबल पाइप, झिप टाय आणि क्रिम्पिंगची पक्कड.

पक्कड उसनी आणा पण खरी क्रिम्पिंगचीच आणा. साध्या पकडीने चेपलेली पिन वरून घट्ट दिसते आणि खड्ड्यांनी दोन महिन्यांत ढिली होते.

घरच्या वायरिंगची वायर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. एक जाड तार असलेली वायर तर अजिबात नाही, व्हायब्रेशनने आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही. मल्टिस्ट्रँड वायर विजेच्या हिशोबाने चालते, पण तिचं साधं पीव्हीसी इंजिनच्या हेडजवळच्या गरमीत मऊ पडतं आणि वरचं आवरण जाड असल्याने टाकीखाली गर्दी होते. ऑटो वायर मिळत असताना उगाच कशाला.

ऑनलाइन मिळणारं तयार रिले हार्नेस (सगळ्या वायरी जोडून तयार केलेला संच) घेतलं तरी चालतं, वाईट नाही, पण वायर तपासून घ्या. स्वस्तातल्या हार्नेसमध्ये आवरण जाड आणि आत चार केस. शिवाय तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं ते वेगळंच. एक टोक सोलून तारेवर ब्लेड घासा, आतून पांढरं चकचकीत निघालं तर ॲल्युमिनियम, लाल निघालं तर तांबं.

आता दोन फ्यूज का, एकच १५ चा का नाही? एकच टाकला तर वायर कमी लागते हे खरं, पण तो उडाला की हाय-लो दोन्ही एकदम गेले. रात्री ताम्हिणीत पावसात असाल तर एक बीम तरी शिल्लक पाहिजे. म्हणून मी लोला वेगळी लाईन आणि हायला वेगळी लाईन असंच सांगेन, थोडं जास्त काम आहे पण करा.

करंटचा हिशोबही बघून घ्या म्हणजे दुकानदाराने २० चा फ्यूज हातात दिला तर नाही म्हणता येईल. ५५ वॉट भागिले १२ म्हणजे साधारण ४.६ अँपिअर, ६० वॉटचे ५ अँपिअर. चालत्या गाडीत व्होल्टेज वाढल्यावर प्रत्येक बीम फार तर सहापर्यंत जातो, त्याला १० अँपिअरचा फ्यूज बरोबर बसतो. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे "मोठा टाका, उडणार नाही" हा सल्ला सरळ सोडून द्या.

टप्पा ३: हार्नेस टेबलावर तयार करा, गाडीवर नाही

गाडीच्या हेडलाईटमध्ये डोकं घालून जोड मारत बसलात की चूक होणारच. बॅटरीपासून हेडलाईटपर्यंतचं अंतर आधी सुतळीने मोजा, टाकीखालून ज्या रस्त्याने वायर जाणार त्याच रस्त्याने, आणि हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून जास्तीत जास्त लांबी येईल ती धरा. वर एक वीतभर सोडा.

रिलेच्या खाली आकडे लिहिलेले असतात, ते नीट वाचा.

३० म्हणजे बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी प्लस.
८७ म्हणजे बल्बकडे जाणारी.
८६ म्हणजे हुकूम, जुन्या होल्डरमधून येणारी प्लस.
८५ म्हणजे कॉइलची अर्थ.

काही रिलेच्या आत कॉइलला डायोड असतो, त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस असंच द्यावं लागतं, उलटं दिलं तर डायोड जातो. म्हणून आतलं माहीत नसलं तरी नेहमी हीच सवय ठेवा.

सावधान: पाच पिनचा रिले हातात आला तर मधली पिन बघा. ती ८७ए असेल तर रिले बंद असतानाच तिच्यात करंट असतो. तिच्यावर बल्ब जोडला की चावी बंद केल्यावर लाईट लागते आणि चावी चालू केल्यावर विझते, आणि सकाळी बॅटरी मेलेली. ८७ए रिकामी ठेवून तिच्यावर स्लीव्ह चढवा, किंवा सरळ चार पिनचाच घ्या.

जोडणी अशी. पहिला रिले लोचा: ३० ला पहिल्या फ्यूजची वायर, ८७ वरून सिरॅमिक होल्डरच्या लो पिनला, ८६ ला मेल प्लगची लो पिन. दुसरा रिले हायचा: ३० ला दुसऱ्या फ्यूजची वायर, ८७ वरून सिरॅमिक होल्डरची हाय पिन, ८६ ला मेल प्लगची हाय पिन. दोन्ही रिलेच्या ८५ एकत्र करून नव्या अर्थला, आणि सिरॅमिक होल्डरची अर्थ पिनही त्याच नव्या अर्थला. मेल प्लगची अर्थ पिन रिकामीच राहते, घाबरू नका, तिचं काही काम नाही.

होल्डरमध्ये कुठली पिन कशाची, हे नेटवरच्या चित्रावरून ठरवू नका, कारण अर्धी चित्रं समोरून काढलेली असतात आणि अर्धी मागून. गाडीचा मूळ होल्डर हातात घ्या, मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लो चालू करून ज्या पिनवर बारा-साडेबारा व्होल्ट येतील ती लो, मग हाय करून बघा ती हाय, उरली ती अर्थ. मेल प्लग या होल्डरमध्ये एकाच बाजूने बसतो, बसवून बघा आणि त्याच्या पिनांना लगेच मास्किंग टेपवर लिहून चिकटवा. मग मूळ होल्डर आणि नवा सिरॅमिक होल्डर एकाच दिशेने शेजारी धरा आणि तसंच उतरवा.

तपासा: अर्थची पिन दोन्ही बीममध्ये शून्य दाखवतेय ना? काही गाड्यांमध्ये स्विच अर्थच्या बाजूला असतो, मग मधल्या पिनवर कायम प्लस दिसेल. क्लासिकमध्ये असं नसतं, पण तुमची गाडी वेगळी असेल आणि असं दिसलं तर थांबा, वरची जोडणी तिला लागू होत नाही.

क्रिम्प करा, ओढून बघा, मग स्लीव्ह चढवून गरम करा. सोल्डर करायची हौस असते अनेकांना. पण पिनच्या बाहेर वायरीत चढलेल्या सोल्डरमुळे तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच व्हायब्रेशनने तार तुटते. चांगला क्रिम्प असेल तर सोल्डरची गरज नाही. पीळ मारून वर काळी टेप हा प्रकार तर नकोच, उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी.

टेबलावरच एकदा पूर्ण ट्रायल घ्या. बॅटरी काढून टेबलावर आणा, बल्ब सिरॅमिक होल्डरमध्ये, अर्थ मायनसला, दोन्ही फ्यूजच्या वायरी प्लसला, आणि मेल प्लगच्या लो पिनला प्लसची एक वायर टेकवा. टक आवाज येऊन लो लागला पाहिजे. तसंच हाय. इथे नीट चाललं की पुढे गाडीवर काही बिघडलं तर चूक हार्नेसमध्ये नाही हे तरी कळतं. बल्बची काच बोटाने धरू नका, तेलाचा डाग राहून तिथेच काच तडकते. लागला हात तर स्पिरिटने पुसा.

टप्पा ४: गाडी मोकळी करा

चावी बंद. बॅटरी परत गाडीत ठेवली असेल तर मायनस सोडलेलाच राहू द्या. काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लस सोडताना पाना फ्रेमला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर पाना वेल्डिंग रॉडसारखा चिकटतो, ठिणग्या उडतात, आणि वर पेट्रोलची टाकी.

टाकी काढायची झाली तर कॉक बंद, पाइप काढताना खाली फडकं, आणि टाकी लांब नेऊन ठेवा. टाकी पूर्ण न काढता मागचा बोल्ट काढून थोडी उचलूनही वायर ओढता येते. हीट श्रिंकसाठी लायटर वापरायचा मोह होतो, तो टेबलावर वापरा, गाडीजवळ नाही.

हेडलाईटची रिंग पहिल्यांदा काढण्याआधीच, म्हणजे टप्पा १ मध्ये मोजायच्या आधी आणि बॅटरी जोडलेली असतानाच, भिंतीवर लो बीम पाडून त्याची वरची कडा कुठे येते ती खडूने आखून ठेवा, गाडी कुठे उभी होती तेही जमिनीवर आखा. ॲंगल लावताना उपयोगी पडेल. डोममधल्या (हेडलाईटच्या गोल खोक्यातल्या) वायरींचा फोटोही काढा. रॉयल एनफिल्डच्या डोममध्ये आधीच इतकी गर्दी असते की एखादा कपलर सुटला तरी लक्षात येत नाही आणि मग इंडिकेटर का लागत नाही म्हणून तास जातो.

टप्पा ५: वायर ओढा

मूळ हार्नेस ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने जा, कंपनीने तो विचार करूनच ठरवलेला असतो. फ्लेक्सिबल पाइपमध्ये सगळ्या वायरी घालून, फ्रेमच्या मेन ट्यूबला झिप टायने बांधा. हेडपासून, सायलेन्सरच्या बेंडपासून लांब. टाकीच्या रबरी गुटक्याखाली वायर दबत नाही ना ते बोट घालून बघा, टाकी बसवल्यावर वजनाने तिथेच आवरण कापलं जातं.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजच्या आधीच्या वायरीला कुठलंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी छोटी तितकी बरी. फ्यूज हेडलाईटपाशी लावलेला मी बघितलाय, म्हणजे टाकीखालून जाणारी दीड मीटर वायर उघड्यावर आणि शेवटी शोभेला फ्यूज. फ्यूज होल्डर जोडा, पण त्यात फ्यूज अजून घालू नका.

रिले डोमच्या आत बसले तर उत्तम, नाहीतर टाकीखाली फ्रेमला. पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी आत साचणार नाही, आणि वायर रिलेच्या आधी थोडी खाली लोंबू द्या, पाणी तिथूनच टपकून जाईल. हॉर्नच्या पट्टीला रिले बांधू नका, हॉर्नच्या थरथरीने तो आतून खिळखिळा होतो.

अर्थ सरळ बॅटरीच्या मायनसवर न्या. फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टला अर्थ देऊन लोक निम्मा फायदा घालवतात. प्लसला नवी कोरी वायर आणि अर्थ गंजलेल्या बोल्टवरून, मग ड्रॉप होता तिथेच.

तपासा: हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, दोन-चार वेळा. कुठेही वायर ताणली जाता कामा नये, स्टिअरिंगच्या स्टॉपमध्ये अडकता कामा नये.

टप्पा ६: जोडणी आणि पहिली चाचणी

मेल प्लग गाडीच्या मूळ होल्डरमध्ये, सिरॅमिक होल्डर बल्बला. कंपनीची एकही वायर कापायची नाही. उद्या गाडी सर्व्हिसला द्यायची, विकायची, किंवा वॉरंटीसाठी दाखवायची झाली तर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत करता आलं पाहिजे.

बॅटरीवर प्लसच्या थिंबल, मग शेवटी मायनस. फ्यूज अजून बाहेर.

आता मीटर कंटिन्युटीवर ठेवून रिलेची ३० नंबरची वायर आणि फ्रेम यांच्यात बघा, बीप वाजता कामा नये. वाजली तर कुठेतरी वायर दबलीय, फ्यूज घालू नका, आधी ते शोधा. दोन्ही लाईनला हे करा.

लोचा फ्यूज घाला. चावी ऑन, गाडीप्रमाणे इंजिन चालू करा. टक, लो लागला. मग हायचा फ्यूज, अप्पर करा. गाडीच्या स्पीडोमीटरमधला निळा हाय बीमचा दिवा लागतोय ना बघा, तो जुन्या वायरीवरच असतो म्हणून आपोआप चालतो. पास स्विच दाबून बघा, त्या क्षणाला दोन्ही बीम लागतात, करंट दहाच्या आसपास जातो पण दोन वेगवेगळ्या फ्यूजमध्ये वाटला जातो म्हणून चिंता नाही.

चावी बंद केल्यावर दोन्ही बीम विझले पाहिजेत. हे विशेष करून बघा, कारण आता लाईटचा करंट चावीतून जात नाही.

मग टप्पा १ मधली दोन्ही मापं तशीच परत घ्या, बल्ब चालू ठेवून. बेरीज ०.३ च्या आसपास आली पाहिजे, ०.५ च्या वर असेल तर एखादी पिन ढिली आहे. वीस मिनिटं हाय चालू ठेवून, इंजिन चालूच, होल्डरजवळच्या वायरी, फ्यूज होल्डर आणि रिलेची सॉकेट हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसेल इतकं गरम चालणार नाही.

टप्पा ७: ॲंगल

हे न करता निघालात तर समोरचा तुम्हाला शिव्या घालणार, आणि बरोबरच आहे त्याचं. आधी जो मंद उजेड समोरच्याच्या डोळ्यात जात होता तो आता जास्त जाणार.

सपाट जागा, दोन्ही टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सरळ उभी आणि तुम्ही स्वतः सीटवर. नेहमी डबल सीट फिरत असाल तर मागेही कोणीतरी बसवा, मागे वजन आलं की पुढचा बीम वर जातो. भिंत ५ मीटरवर. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखा, आणि लो बीमची वरची कडा त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. आधी काढलेल्या खडूच्या खुणेशी जुळवून बघा, डोम उघडताना काही हललं असेल तर लगेच कळेल.

काय करू नका

९०/१०० वॉटचा बल्ब. आता वायरिंग दणकट झालंय, मग लावू का, असं विचारणारे भेटतातच. वायर झेपेल हो, पण रिफ्लेक्टर, होल्डरमागचं रबर आणि चार्जिंग झेपणार नाही, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर फेरफार करायला मनाई आहे ते वेगळं. ६०/५५ च ठेवा, चांगल्या कंपनीचा.

एचएस१ च्या जागी एच४. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये ३५/३५ वॉटचा एचएस१ बल्ब असतो, दिसायला जवळजवळ एच४ सारखाच, पण बुडाचे कान वेगळे. लोक कानशीने ते कान घासून एच४ बसवतात. करंट जवळजवळ दुप्पट, गरमी तशीच, आणि रिफ्लेक्टर वितळतो. एचएस१ वाल्या गाडीला करंटच तीन अँपिअरच्या आसपास असल्याने रिलेचा फायदाही कमी मिळतो, तिथे आधी कपलर आणि अर्थ साफ करा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब. भिंतीवर पांढराफटक दिसतो आणि रस्त्यावर उजेड विखुरतो, कारण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. पावसात तर समोर नुसता पांढरा पडदा.

अडलं तर

रिले टरटर वाजतोय: कॉइलला व्होल्ट कमी पडतायत, ८५ ची अर्थ ढिली आहे किंवा मूळ होल्डरमध्ये मेल प्लग नीट बसलेला नाही. सेल्फ मारताना क्षणभर वाजला तर सोडून द्या, तेव्हा बॅटरी खालीच जाते.

लो केलं की हाय लागतो: मेल प्लगच्या दोन वायरी उलट्या, टेपवरची लेबलं बघा.

टक आवाज येतो पण लाईट नाही: आवाज आला म्हणजे हुकूम पोचतोय. फ्यूज, मग ३० वर बारा व्होल्ट, मग ८७ वर बारा व्होल्ट, मग होल्डरची अर्थ, याच क्रमाने मीटर फिरवा.

आवाजच नाही: ८६ आणि ८५ यांच्यामध्ये मीटर लावा. बारा व्होल्ट येऊनही गप्प असेल तर रिले मेलाय, दुसऱ्या बीमचा रिले काढून इथे लावून बघा. रस्त्यात असाल तरी हीच युक्ती, दोन्ही रिले सारखे घ्यायचा हा फायदा.

चावी बंद करूनही एक बीम चालूच: तो रिले हलक्या हाताने ठोका, विझला तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत, बदला. नाही विझला तर ८७ए बघा. तोपर्यंत त्या बीमचा फ्यूज काढून ठेवा.

बल्ब आधीपेक्षा लवकर जातायत: आता त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतंय त्यामुळे आयुष्य थोडं कमी होणारच, तो सौदा आहे. पण दोन-तीन महिन्यांत जात असेल तर पळत्या इंजिनवर बॅटरीचं व्होल्टेज परत मोजा, रेग्युलेटर किंवा डोममध्ये ढिला बसलेला बल्ब यातलंच एक निघेल.